पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण भटक्या माणसाला सहज म्हणून जातो. वास्तविक विंचवाची मादी पाठीवर वाहते ती भांडीकुंडी नव्हे, तर आपली नुकती जन्मलेली पिले, आणि तीही पहिली कात टाकीपर्यंतच. पुढे ज्याची त्याची वाट. आम्हा माणसांचे मात्र तसे नाही. पिले पाठीवरून उतरली तरी त्यांचे पाणी, त्यांचे डबे, त्यांची पांघरुणे आणि "लागलेच तर असू दे" म्हणून घेतलेल्या शंभर वस्तू पाठीवर राहतातच. या वस्तू नीट वाहून नेणारी एक सॅक करवून घेण्यात माझी दोन-तीन वर्षे गेली. त्या सॅकची ही हकीकत आहे.

त्याचे असे झाले. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे, म्हणजे मी, आमची सौ., बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी, सोयगाव तालुक्यातला वेताळवाडीचा किल्ला पाहायला गेलो होतो. आमचे शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. त्या वेळी ते औरंगाबाद होते. इकडचे किल्ले सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखे धुक्यात बुडालेले नसतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत पावसाळा सरला की ऑक्टोबरचे ऊन असे काही तापते, की दगडावर हात टेकवत नाही. तेव्हा इकडे भटकायचे तर सामानात मुख्य वस्तू एकच, पाणी. माणशी अडीच लिटर धरले तर चौघांचे दहा लिटर, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. यात सूट नाही. पाणी चोळामोळा करून कोपऱ्यात कोंबता येत नाही.

हे दहा लिटर, शिदोरी आणि बाकीचे सटरफटर मिळून तेरा-चौदा किलोंचा ऐवज एका दुकानातून आणलेल्या रुबाबदार सॅकमध्ये भरला होता. चढताना ती माझ्या पाठीवर होती. वर पोचल्यावर मी मुलांना तटबंदी दाखवत हिंडलो आणि उतरताना सौ.ने ती उचलली. अर्ध्या उतारावर कापडाचा 'टर्र' असा आवाज झाला. डावा पट्टा मुळापासून सुटला, ती एका अंगाला कलंडली, आणि तिने स्वतःला सावरण्यासाठी उजवा खांदा सैल सोडला. तिने तो सोडला हे फार बरे केले. सॅक दगडांवर आपटत खाली गेली. उरलेल्या बाटल्यांपैकी एक सोडून सगळ्या फुटल्या. खाली दूर पाणी चकाकताना दिसत होते, आणि ते पाहत आम्ही चौघे अर्धा लिटर पाण्यावर तो उतार उतरलो. शेवटच्या टप्प्यात धाकटीचे बोलणे थांबले. एरवी तिचे तोंड कधी मिटत नाही. चेहरा लालबुंद, घाम मात्र येईनासा झाला होता. एका गुराख्याने आपली बाटली पुढे केली. पोरीच्या डोक्यावर थोडे पाणी ओतले, थोडे घोट-घोट पाजले, आणि झाडाच्या सावलीत तासभर बसल्यावर तिने विचारले, "बाबा, माझा डबा पण फुटला का?" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर मी ती सॅक टेबलावर पालथी घालून पाहत बसलो. माझा समज असा होता की कापड फाटले. ते कुठेच फाटले नव्हते. आपल्या मराठीत फाटणे आणि उसवणे असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यांतला फरक मला त्या दिवशी उमगला. पट्टा एका शिवणीत नुसता खोचून वर दोन टिपा मारलेल्या. शिवणीच्या आत कापड सोडले होते जेमतेम करंगळीच्या नखाएवढे. त्या कडेचे धागे सुटत सुटत टिपेपर्यंत आले आणि एका क्षणी सगळे निसटले. शिवाय त्या टिपा इतक्या बारीक आणि दाट होत्या की टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी कापडात भोकांची रांगच तयार झाली होती. तिकीट जसे त्या रेषेवर सुटते तसेच हेही सुटले.

मी हे सारे सौ.ला मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण ती सॅक तुटली नसती तरी मी आणखी अर्ध्या तासाने ती टाकूनच देणार होते." तिच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लालभडक वळ उठले होते. "दर वेळीच उठतात," ती म्हणाली. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती. दर वेळी उतरताना सॅक तिच्याकडे असे, कारण उतरताना ती हलकी झालेली असते असा माझा हिशोब होता.

नवीन सॅक आणणे सोपे होते. पण दुकानातल्या सगळ्याच सॅका मला आता उलट्या करून पाहाव्याशा वाटू लागल्या, आणि दुकानदारांना ते आवडेना. शेवटी एका मित्राने सुचवले की रिक्षाची हुडे शिवणाऱ्याकडे जा. सूचना मार्मिक होती. बजाजच्या रिक्षा आमच्या वाळूजच्या कारखान्यात तयार होतात, आणि शहरात त्यांची हुडे, गाद्या आणि पडदे शिवणारे कारागीर पुष्कळ. मराठवाड्याचे ऊन आणि पाऊस वर्षानुवर्षे सोसेल असे शिवणे हा त्यांचा रोजचा धंदा. जुन्या शहरातल्या एका गल्लीत असे एक वृद्ध कारागीर मला भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी माझी तुटकी सॅक हातात घेऊन शिवण दोन बोटांनी फाकवली आणि म्हणाले, "साब, कपडा नई फटता. सिलाई खुलती." मी टेबलावर एक संध्याकाळ घालवून जे शोधून काढले होते ते त्यांनी चहा संपण्याच्या आत सांगितले.

पुढचे काही महिने आमचे वाद कापडावरून झाले. मोंढ्यातून ताडपत्री आणली. ती दणकट खरी, पण घडी पडली की घडीवरच झिजते. रिक्षाचे रेक्झिन चाचांच्या आवडीचे होते, पण त्याची सॅक रिकामीच इतकी जड झाली असती की वर पाणी कशाला घ्या! सुती कॅनव्हासचा मला मोह होता. जुन्या गिर्यारोहकांच्या छायाचित्रांत तोच दिसतो. भिजला की त्याचे धागे फुगून वीण घट्ट होते, म्हणून पाणी चटकन आत शिरत नाही. पण भिजलेला कॅनव्हास वाळेपर्यंत स्वतःच ओझे होऊन बसतो आणि ओला घडी घालून ठेवला तर बुरशी धरतो. शेवटी हजार डेनियरचे नायलॉन ठरले. हा डेनियर म्हणजे साधा हिशोब आहे: नऊ हजार मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. दुकानातल्या हलक्या पिशव्यांचा धागा दोनशे-चारशेच्या घरातला असतो. तळाला तेच कापड दुहेरी लावले, कारण सॅक माणसाच्या पाठीवर जितकी असते त्याहून अधिक दगडांवर आपटलेली आणि घासलेली असते. दोरा पॉलिएस्टरचा, कारण नायलॉनचा दोरा उन्हात लवकर दुबळा होतो आणि सुती दोरा पावसात कुजतो. हे दुसरे चाचांनी जुन्या हुडाची शिवण बोटाने उकलून मला प्रत्यक्षच दाखवले.

पट्टे कुठे आणि कसे जोडायचे यावर मात्र आमचे लगेच एकमत झाले. पट्टा शिवणीत नुसता खोचायचा नाही. पाठीच्या कापडावर हातभर रुंद दुहेरी ठिगळ लावायचे, पट्टा त्यावर शिवायचा, चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप घालायची, आणि ते ठिगळ वरच्या शिवणीतही धरायचे. म्हणजे ओढ एका रेषेवर न येता सगळ्या पाठीवर पसरते. टीप इंचाला सहा-सातच. आतल्या सगळ्या कडांना मगजी. बक्कले अशी बसवायची की एखादे तुटले तर शिवण न उसवता बदलता यावे. "जो चीज टूटने वाली है, वो बाहर रखो," चाचा म्हणाले.

या काळात मी ओझ्याविषयी पुष्कळ वाचले. आपल्याकडे सॅकला 'हॅवरसॅक' म्हणणारे लोक अजून आहेत. हा शब्द मूळ जर्मन, आणि अर्थ ओटची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची पिशवी. थोडक्यात आम्ही इतकी वर्षे तोबरा पाठीला बांधून हिंडत होतो! नॉर्वेच्या ओले बर्गन नावाच्या माणसाने १९०९ साली पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवलेल्या सांगाड्याच्या सॅकचे पेटंट घेतले. त्याचा पहिला सांगाडा झाडाच्या वाकवलेल्या फांदीचा होता म्हणतात. त्याहून मला भावली ती कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीची गोष्ट. डोंगर चढताना त्याने सॅकच्या सांगाड्याची खालची टोके आपल्या विजारीच्या मागच्या खिशांत खुपसून पाहिली, आणि खांद्यांवरचा भार एकाएकी नाहीसा झाला! तो नाहीसा झाला नव्हता, कमरेवर उतरला होता. १९५२ च्या सुमारास तो घरीच कमरपट्ट्याच्या सॅका बनवून विकू लागला. अॅल्युमिनियमच्या नळ्या तो वाकवी आणि पिशव्या त्याची बायको नेना शिवी.

आपल्या लोकांना यातले काहीच ठाऊक नव्हते असे नाही. पैठणच्या वाटेवर वारकऱ्याच्या खांद्यावर दिसणारी पडशी पाहा. अर्धी पुढे, अर्धी मागे, तोल सांभाळलेला. मोगलांच्या दख्खनेतल्या फौजांना धान्य पुरवणारे लमाणांचे तांडे बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना सारख्या वजनाच्या गोण्या लादत. गोणी एकीकडे झुकली तर बैलाची पाठ सोलून निघते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आम्ही शहाण्यांनी मात्र सगळे वजन मागे लटकवून दोन पट्ट्यांच्या स्वाधीन केले.

सॅक तयार झाली २०२१ च्या दिवाळीत. मधले दीड वर्ष साथीत गेले. मी माझे माप दिले होते. पाठीचे माप उंचीवरून घेत नाहीत. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येते. तिथपासून, कमरेच्या हाडांवर हात ठेवल्यावर अंगठे मागे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत टेप धरायची. माझे भरले ४९ सेंटिमीटर. पाठीत दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या, त्या गुडघ्यावर वाकवून माझ्या पाठीच्या बाकासारख्या केल्या. कमरपट्टा चार बोटे रुंद. वाळूच्या पिशव्या भरून चाळीस किलो वजन रात्रभर खिडकीच्या गजाला टांगले. सकाळी एक टाकाही हलला नव्हता. शेजारच्या काकूंनी मात्र 'घरात काय चाललंय' म्हणून चौकशी केली.

चाचणीसाठी जवळची जागा म्हणून देवगिरी निवडली. एखाद्या सरदाराच्या थाटात मी चौदा किलो पाठीवर घेऊन निघालो. कमरपट्टा आवळताच केल्टीचा तो चमत्कार मलाही झाला. खांद्यावर बोट घालून पाहिले तर पट्टा नुसता टेकलेला. खंदक ओलांडला, अंधारी पार केली, वटवाघळांचा वास घेतला, आणि बारादरीच्या पायऱ्यांवर माझा उजवा गुडघा असा काही मुरगळला की पुढे पाऊल टाकवेना. तिथे बसल्या-बसल्या मला १३२७ साल आठवले. महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे दौलताबादेला हलवली तेव्हा शेकडो कोस सामानसुमान घेऊन आलेल्या लोकांच्या गुडघ्यांचे काय झाले असेल? इतिहासकार सुलतानाच्या लहरीविषयी लिहितात, गुडघ्यांविषयी कोणी लिहीत नाही.

असो. सॅक सौ.ने उचलली, आणि माझी दोन वर्षांची मेहनत तिच्या पाठीवर विनोदी दिसू लागली. तिच्या पाठीचे माप ४१. माझ्या मापाचा कमरपट्टा तिच्या मांड्यांवर आला, पट्ट्यांचे बाक खांद्यापासून चार बोटे वर तरंगू लागले, आणि सगळा भार पुन्हा त्या जुन्याच जागी, खांद्यांवर. वर प्रत्येक पायरीला तळ तिच्या मांडीवर आपटे. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. वेताळवाडीला वळ तिच्या खांद्यांवर उठले होते आणि माप मी माझ्या पाठीचे दिले होते.

तिने मात्र सॅक खाली ठेवली, ओढणीची चौपदरी घडी केली, पट्टे जिथे पाठीला जोडले होते त्याच्या खाली ती आडवी गुंडाळून गाठ मारली, आणि पट्टे त्या गाठीखालून घेतले. कमरपट्टा वीतभर वर आला. तशीच ती खालपर्यंत उतरली. मी मुलाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत मागे. खाली आल्यावर म्हणाली, "अहो, हे पट्टे वर-खाली सरकवता येतील असे नाही का करता येणार? कोणाच्या पाठीवर कधी येईल ते काय आधी ठरलेलं असतं?"

चाचांना ही ओढणीची गोष्ट सांगितली तेव्हा ते खूप हसले, आणि मग चष्मा पुसून म्हणाले, "बहनजी को पैले लाना था साब."

दुसरी सॅक तिच्या देखरेखीखाली झाली. पाठीवर जाड निवारीच्या पाच आडव्या पायऱ्या शिवल्या, ३८ सेंटिमीटरपासून ५० पर्यंत तीन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने. खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांचा एकच जू केला. तो हव्या त्या पायरीत ओवायचा आणि बक्कलाने अडकवायचा. माणूस बदलायला दोन मिनिटे पुरतात. कमरपट्टा दोन्ही बाजूंनी आवळता येतो, म्हणजे माझ्या पोटालाही पुरतो आणि मुलाच्या काटकुळ्या कमरेलाही. पाण्याच्या बाटल्या आतून पाठीला लागून, मध्यावर. ओझे पाठीपासून जितके दूर तितके ते मागे ओढते. पट्ट्यांना कितीही दोष दिला तरी चूक भरणाऱ्याची असते. बाजूंना आवळपट्ट्या आहेत. दुपारपर्यंत सात-आठ लिटर पाणी पोटात गेलेले असते, मग अर्धी रिकामी सॅक आत डचमळत राहते आणि उतारावर तोल घालवते, म्हणून तिलाही बारीक करावे लागते.

वरचा कप्पा सुटा होतो आणि त्याची लहान पाठपिशवी होते. ती धाकटीची. २०२० च्या शाळेच्या दप्तरांविषयीच्या केंद्र सरकारच्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. आम्ही तोच नियम डोंगरात लावला. तिच्याकडे दीड लिटर पाणी, एक शिट्टी आणि खाऊ. वेताळवाडीनंतर घरचा कायदाच झाला आहे की सगळे पाणी एका पाठीवर ठेवायचे नाही, आणि पहिल्यांदा प्यायचे ते धाकटीच्या बाटलीतले.

रंगावरून थोडे भांडण झाले. मुलाला काळी हवी होती. पण पितळखोऱ्याला आणि अजिंठ्याला कड्यांवर आग्या माश्यांची मोहोळे असतात, आणि मधमाश्या चिडल्या की गडद रंगावर अधिक तुटून पडतात; मधपाळ पांढरे कपडे घालतात ते उगीच नव्हे. म्हणून बाहेरून फिकट मातकट. अस्तर नारिंगी, कारण काळ्या अस्तरात काळी विजेरी शोधण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. तोंडाला चेन न लावता दोरी आणि वर झाकण घेतले. चेन सर्वांत आधी बिघडते हे एक कारण, आणि माकडे हे दुसरे. वेरूळच्या वाटेवर एका वानराने माझ्या देखत एका गृहस्थांच्या पिशवीची चेन सरळ ओढून आतली केळी घेतली होती. बक्कल त्यांना अजून जमलेले नाही. बहुधा लवकरच जमेल.

ही सॅक बाजारातल्या सॅकपेक्षा स्वस्त पडली का? मुळीच नाही. दोन्हींचा खर्च धरला तर एक चांगली परदेशी सॅक आली असती. हलकीही नाही, रिकामी अडीच किलो भरते. आतला पाणी अडवणारा थर उष्ण-दमट हवेत बांधून ठेवला तर चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून ती माळ्यावर कोंबता येत नाही. खुंटीला उघडी टांगावी लागते आणि जाता-येता तिच्यावर माझे डोके आपटते.

पण गेल्या हिवाळ्यात आम्ही कळसूबाईला गेलो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघताना सॅक माझ्याकडे होती, लोखंडी शिड्यांपाशी मुलाने घेतली. शिडीवर सॅक मागे ओढते. तेव्हा खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे आवळले की ती पाठीला चिकटून बसते. हे बारीक पट्टे चाचांनी आपणहून लावले होते, मी सांगितले नव्हते. उतरताना सौ.ने घेतली. खाली आल्यावर तिने, न विचारता, गळ्याजवळची ओढणी बाजूला करून खांदे दाखवले. काही नव्हते.

चाचांचे डोळे आता अधू झाले आहेत, मशीन त्यांचा नातू चालवतो. तीन वर्षांत एक बक्कल तुटले आणि तळाचे एक ठिगळ झिजले. दोन्ही त्याने उभ्या-उभ्या बदलून दिले. धाकटी पंधरा वर्षांची झाली, आणि या पावसाळ्यात मोठी सॅक तिने स्वतः मागून घेतली. टेप धरली तर ४१ भरले, म्हणजे दुसरी पायरी. आता तिच्या आणि तिच्या आईच्या मध्ये जू सरकवावा लागत नाही.